निराश्रितांचा आश्रयदाता : श्री संत गाडगेबाबा

ज्युबिली हा शब्द आपल्या कानांस आता इतका परिचित झाला आहे की, तो उच्चारताच तोरणे, पताका, मिरवणूक, पवित्र मिस्सा, प्रीतिभोजन आणि हाती पडणारे स्मरणपुस्तक एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात या उत्सवाचे जे मूळ सांगितले आहे ते काहीसे निराळे आहे. दर पन्नासाव्या वर्षी देशभर रणशिंग फुंकावे, कर्जापायी ज्याची भूमी गेली असेल त्यास ती परत मिळावी, आणि जो दारिद्र्यामुळे परक्याच्या दारी राबत असेल त्याने मोकळे होऊन आपल्या कुळात परत जावे, असा तो नियम होता. म्हणजे ज्याचे घर सुटले त्यास घर मिळणे हाच महोत्सवाचा गाभा होय. बाकी सर्व त्याची सजावट.

हा विचार मनात ठेवून आम्ही या पुस्तकासाठी एक चरित्र निवडिले आहे. अशा प्रसंगी एखाद्या थोर ख्रिस्ती संताचे चरित्र देण्याची वहिवाट आहे. आम्ही मात्र वऱ्हाडच्याच मातीत जन्मलेल्या आणि वऱ्हाडच्याच मातीत विसावलेल्या एका पुरुषाकडे वळलो आहोत. श्री गाडगेबाबा ख्रिस्ती नव्हते. ते वारकऱ्यांच्या मेळ्यात वावरणारे कीर्तनकार होते. कॅथलिक धर्मग्रामाच्या पुस्तकात त्यांस स्थान कसे, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने सन १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. शिवाय ज्या विषयावर आम्हांस लिहावयाचे आहे, त्या विषयाचा यांच्याइतका मोठा शिक्षक आमच्या या अमरावती-अकोल्याच्या प्रदेशात दुसरा झाला नाही. तो विषय म्हणजे, ज्यास घर नाही त्याच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि त्याचे आपण काय देणे लागतो.

सन १८७६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २३ व्या दिवशी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळचे नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. घर आरंभी खाऊनपिऊन सुखी होते. परंतु पिता झिंगराजी मद्याच्या आहारी गेले, संसाराची धूळधाण झाली, आणि सन १८८४ मध्ये त्यांचा अंत झाला. त्या वेळी देबूजी अवघे आठ वर्षांचे होते. माता सखूबाई त्या पोरक्या मुलास घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी, भावाच्या आश्रयास आली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. पुढे ज्याने सहस्रावधी लोकांच्या डोक्यावर छप्पर घातले, तो स्वतः प्रथम एक निराश्रित बालक होता. रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून आपण सहज म्हणतो की, याने दारूत सर्वस्व घालविले, आता भोगू दे. पण दारू पिते कोण आणि भोगते कोण? शेंडगावच्या त्या घरात पिणारा निघून गेला. भोगावयास उरली ती विधवा व आठ वर्षांचे लेकरू. सखूबाईस भावाचे दार उघडे सापडले, म्हणून महाराष्ट्रास गाडगेबाबा मिळाले. ते दार बंद असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने आपल्या मनाशी करावा.

दापुऱ्यास देबूजीने मामा चंद्रभानजींची गुरे राखिली, मोट हाकली, नांगर धरिला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. परंतु शेतीच्या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. इतक्यात दुसरा घाला आला. मामा निरक्षर, सावकाराच्या कागदांवर त्यांनी विश्वासाने अंगठे उठविले आणि जमीन त्या कागदांत अडकली. त्या धक्क्याने मामा खचले व वारले. ज्या भूमीत आपण रक्ताचे पाणी केले ती एका कागदाच्या बळावर दुसऱ्याची कशी होते, हे देबूजीने याच वयात पाहिले. लेवीय ग्रंथातील तो जुना नियम वऱ्हाडच्या या तरुणाने ऐकिला नसेल. पण तो नियम कशासाठी केला होता हे त्यास कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

पहिल्या कन्येच्या बारशास जातीच्या रूढीप्रमाणे मद्यमांसाचे जेवण घालावयाचे, ते न घालता देबूजीने गोडधोड जेवण घातले. जातभाई रुसले, तो ढळला नाही. पित्याच्या मरणाचा धडा तो विसरला नव्हता. मग सन १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. वऱ्हाडचा शेतकरी अन्नावाचून देशोधडीस लागला. रस्त्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे पडली. सरकारने कंगालखाने उघडले आणि ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मिशनांनी पोरक्या मुलांसाठी अनाथालये उघडली. त्या वेळी देबूजी चोवीस वर्षांचा तरुण शेतकरी होता. आपला प्रांत बेघर झालेला त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला असलाच पाहिजे.

सन १९०५ च्या फेब्रुवारी महिन्यात एके रात्री, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. हाती एक काठी व एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खावे, त्यातच पाणी प्यावे. अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक त्यांस गोधडेबुवा म्हणू लागले, चिंधेबुवा म्हणू लागले, आणि शेवटी गाडगेबाबा हेच नाव कायम झाले.

या गृहत्यागाची दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवीत नाही. मागे वृद्ध माता, तरुण पत्नी व लहान लेकरे राहिली. कुंताबाईंनी पुढे उभा जन्म झोपडीत काढला. बाबांच्या कीर्तीचा बराचसा भार त्या माउलीच्या खांद्यावर पडला होता, आणि बाबांचे चरित्र लिहिणाराने तिचे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. संन्याशाच्या मागे एक घर उघडे पडते. ते घर समाजाने सांभाळले पाहिजे, हाही याच विषयाचा एक भाग आहे.

घर सोडल्यावर बाबांनी जे आरंभिले त्यास आम्ही समाजाची परीक्षा म्हणतो. कोणत्याही गावी जावे, कोणासही आपली ओळख सांगू नये, हातात खराटा घेऊन रस्ते व गटारे झाडावयास लागावे. कोणाच्या दारी लाकडे फोडून द्यावी, कोणाच्या शेतात हात लावावा, आणि मग भाकरीचा तुकडा मागावा. काम केल्यावाचून खावयाचे नाही, हा त्यांचा कडक नेम होता. तथापि बहुतेक गावांत प्रथम जे मिळे ते शिव्या, संशय व अंगावर धावून येणारी कुत्री. वेडा म्हणून पोरे दगड मारीत; चोर म्हणून थोर लोक हाकून देत. रात्री झाडाखाली किंवा नदीच्या काठी निजावयाचे. सायंकाळी त्याच गावात कीर्तन उभे राहिले आणि त्या चिंध्यांतील माणसाच्या मुखातून शब्द निघू लागले म्हणजे तेच थोर लोक हात जोडून समोर बसत.

सकाळचा माणूस आणि सायंकाळचा माणूस एकच होता. बदलली होती ती केवळ लोकांची माहिती. सकाळी ते त्यास निराश्रित समजत होते. सायंकाळी संत समजू लागले. या एका गोष्टीत बाबांच्या साऱ्या चरित्राचे सार साठविले आहे असे आम्हांस वाटते. संत म्हणून कळल्यावर पाया पडणे यात काही पुण्य नाही. कळण्यापूर्वी आपण त्याच्याशी कसे वागलो हेच आपले माप. शुभवर्तमानकार संत मत्तय याने अखेरच्या न्यायाचे जे वर्णन केले आहे तेही हेच सांगते. तेथे उजवीकडचे व डावीकडचे, दोन्ही प्रकारचे लोक चकित होतात. कारण आपल्या दारी कोण आला होता हे दोघांसही ठाऊक नव्हते. एकाने दार उघडले, दुसऱ्याने उघडले नाही, इतकाच भेद.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात असाच एक पुरुष होऊन गेला. फ्रान्स देशात सन १७४८ मध्ये जन्मलेले संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र यांनी मठात प्रवेश मिळविण्याचा वारंवार यत्न केला. तो फळास आला नाही. मग ते चिंध्या पांघरून एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी फिरत राहिले, आणि अखेर रोम शहरातील जुन्या कोलोसियमच्या पडक्या भिंतींच्या आडोशास निजू लागले. सन १७८३ मध्ये त्यांचे देहावसान झाले तेव्हा साऱ्या रोमने त्यांच्या दर्शनास गर्दी केली, आणि सन १८८१ मध्ये परमगुरू तेरावे लिओ यांनी त्यांस संतपद दिले. त्या भिंतींच्या आडोशास निजलेल्या त्यांच्या देहावर पांघरूण घालणारे किती निघाले असतील, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

संत लाब्र यांनी दारिद्र्य पत्करून प्रार्थना केली. गाडगेबाबांनी दारिद्र्य पत्करून इमारती बांधिल्या. येथे त्यांचे वेगळेपण आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या तीरी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. चिखलातून घसरत नदीत उतरणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून बाबांनी तेथे घाटाचे काम हाती घेतले. सन १९०८ मध्ये तो घाट झाला. त्याच ठिकाणी ते आंधळ्यापांगळ्यांस जेवू घालीत. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर येथे गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय ही कामे सन १९२५ च्या सुमारास उभी राहिली. नाशिक, आळंदी व देहू या क्षेत्रांतही त्यांच्या धर्मशाळा झाल्या.

या सर्वांत पंढरपूरची कथा विशेष बोधप्रद आहे. आषाढी एकादशीस लक्षावधी वारकरी पंढरीस जमतात, आणि तो काळ ऐन पावसाचा. ज्याच्या गाठी पैसा, त्यास खोली मिळे. ज्यास पैसा नाही, तो भिजत राही. आणि ज्याची जात अस्पृश्य ठरविलेली, त्यास पैसा असूनही दार बंद असे. म्हणजे एकाच देवाच्या दर्शनास आलेल्या लोकांत काहींस छप्पर होते व काहींस ते मिळण्याचा मार्गच नव्हता. बाबांनी सन १९१७ मध्ये तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. संत चोखामेळा हे देवळाबाहेर राहून देवाचे भजन करणारे चौदाव्या शतकातील संत. मंगळवेढे येथे गावाची भिंत बांधीत असता ती अंगावर कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. दुसऱ्यांच्या रक्षणाची भिंत बांधता बांधता जो तिच्याखाली गेला, त्याच्या नावाने त्याच्या बांधवांसाठी चार भिंती उभ्या कराव्या, ही कल्पनाच किती हृदयस्पर्शी आहे! पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांस उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, सन १९४७ मध्ये. बाबांनी निवाऱ्याचे दार त्याच्या तीस वर्षे आधी उघडले होते. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

मुंबईचे उदाहरणही आमच्या वऱ्हाडी वाचकांस जवळचे वाटेल. दुखणे विकोपास गेले म्हणजे आपला शेतकरी बडनेऱ्यास किंवा अकोल्यास गाडीत बसून मुंबईची वाट धरितो. इस्पितळ रोग्यास खाट देते. पण त्याच्या उशाशी बसावयास आलेल्या आईस किंवा पत्नीस कोठे जागा? ती पदपथावर निजते. या लोकांस कोणी बेघर म्हणत नाही, कारण गावी त्यांचे घर असते; परंतु त्या रात्री ती बेघरच असतात. हे ओळखून जे. जे. रुग्णालयाच्या रोग्यांच्या नातलगांसाठी सन १९५४ मध्ये बाबांच्या प्रयत्नाने धर्मशाळा झाली. त्यांच्या पश्चात दादर येथेही त्यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यास दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे तेथे उतरतात.

एवढ्या इमारती ज्याने उभ्या केल्या तो त्यांपैकी एकीतही निजला नाही. धर्मशाळेच्या बाहेर झाडाखाली किंवा एखाद्या झोपडीत तो आपले गाडगे घेऊन पडे. हाती लाखो रुपये आले. त्यांतला पैसा स्वतःच्या पोटास लावला नाही. या संस्थांवर आपल्या कुटुंबाचा हक्क उत्पन्न होऊ नये याचीही त्यांनी तजवीज केली, आणि सन १९५२ च्या ८ फेब्रुवारीस गाडगेबाबा मिशन स्थापून सर्व व्यवहार संस्थेच्या स्वाधीन केला. कीर्तन चालू असता एकुलत्या पुत्राच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मला कोणी शिष्य नाही व मी कोणाचा गुरू नाही, अशी त्यांची भूमिका होती; म्हणून त्यांच्या मागे गादी राहिली नाही, राहिले ते छप्पर.

बाबांच्या नावाने महाराष्ट्रात सर्वत्र एक दशसूत्री वाचावयास मिळते. भुकेला, तहानेला, वस्त्रहीन, बेघर, रोगी अशा एकेकाचे नाव घेऊन त्यास काय द्यावे हे तीत सांगितले आहे. त्यांत गरिबांच्या मुलांचे शिक्षण, बेकारास काम, मुक्या प्राण्यांस अभय आणि निराश झालेल्यास धीर हीही आहेत. आमच्या धर्मशिक्षणात दयेची जी शारीरिक कृत्ये आपण लहानपणी पाठ केली ती या यादीशेजारी ठेवून पाहावी. दोहोंचा आरंभ जवळजवळ एकच आहे. परक्यास घरात घेणे व बेघरास आसरा देणे हे दोहोंतही आहे. पूर्णेच्या तीरावरील एका निरक्षर परिटास आणि गालीलच्या सरोवराकाठी शिकविणाऱ्या प्रभूच्या शिष्यांस देवाने एकच गोष्ट सुचवावी, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

आता आपल्या मनाकडे वळू. बेघर माणसास साहाय्य न करण्यासाठी सुशिक्षित समाज सामान्यतः तीन सबबी सांगतो. पहिली, हे त्याच्या कर्माचे फळ. दुसरी, तो आळशी व व्यसनी आहे. दिलेले उधळून टाकील. तिसरी, हे काम सरकारचे आहे. पहिलीस बाबांचे सारे कीर्तन हेच उत्तर होते: माणसाचे दैन्य माणसाने केलेले असते, म्हणून माणसानेच ते दूर करावे. आपल्यापैकी जे कर्म हा शब्द वापरीत नाहीत ते पाप हा शब्द वापरतात, अर्थ तोच. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे असे विचारले होते, आणि प्रभूने तो प्रश्नच अमान्य केला होता.

दुसरी सबब अधिक पुढारलेली दिसते, म्हणून अधिक घातक आहे. काम केल्यावाचून खाऊ नये हा नेम बाबांनी स्वतःस लावला. दुसऱ्यास अन्न नाकारण्यासाठी त्यांनी तो वापरला नाही. ऋणमोचनास जेवावयास बसलेल्या पांगळ्यांस त्यांनी आधी काम दाखविण्यास सांगितले नाही. शिवाय, आमच्याच प्रदेशात पाहा. मेळघाटातील कोरकू कुटुंबे पावसाळा सरला म्हणजे मजुरीसाठी खाली उतरतात. शहरांच्या कडेस इमारती बांधणारे मजूर त्या इमारती पुऱ्या होईपर्यंत ताडपत्रीखाली राहतात. दुसऱ्यांची घरे बांधणारी ही माणसे आळशी आहेत असे म्हणण्यास फार मोठे धैर्य हवे. कोरडवाहू कपाशी एकदोन वर्षे बुडाली की कालचा शेतमालक आज मजूर होतो, आणि परवा त्याची विधवा कोणाच्या तरी दारी उभी राहते. दापुऱ्याची कथा जुनी झालेली नाही.

तिसरी सबब अर्धी खरी आहे. सरकारचे कर्तव्य आहेच. परंतु कायदाही अखेर लोकांच्या दृष्टीचेच प्रतिबिंब असतो. बाबांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, सन १९५९ मध्ये, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा झाला. उपजीविकेचे उघड साधन नसता सार्वजनिक जागी भटकत राहणे हेही त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत आले. चिंध्या पांघरून गावोगाव फिरणारे गाडगेबाबा त्या व्याख्येतून सुटले असते की नाही, याचा वाचकांनीच विचार करावा. हाच कायदा दिल्लीस लागू होता. त्यातील शिक्षेची मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. दरम्यान सन २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, बारा महिने उघडा, असावा असे बजाविले, आणि सन २०१३ पासून केंद्र सरकारच्या योजनेत ही गोष्ट समाविष्ट झाली.

सन २०११ च्या शिरगणतीत भारतात सुमारे १७ लक्ष ७० हजार बेघर माणसे मोजली गेली. त्याच शिरगणतीत अमरावती शहराची वस्ती सुमारे साडेसहा लक्ष व अकोल्याची सव्वाचार लक्ष होती. वरील प्रमाण लाविले तर अमरावतीस निदान सहा व अकोल्यास चार निवारे हवेत. आपल्या नगरात असे निवारे किती व कोठे आहेत, हे या पुस्तकाच्या किती वाचकांस सांगता येईल? आम्ही स्वतःस हा प्रश्न विचारिला तेव्हा आमची मान खाली गेली. ज्या नगरातील विद्यापीठास सन २००५ पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे, त्या नगरातील रहिवाशांस निदान एवढे तरी ठाऊक असावे.

इतरत्र कोणी काही केलेच नाही असे नव्हे. ज्या वर्षी बाबांनी आपले मिशन स्थापिले, त्याच सन १९५२ मध्ये कलकत्त्यास मदर तेरेसा यांनी रस्त्यावर मरावयास टाकलेल्यांसाठी निर्मल हृदय उघडिले. आणि त्यासाठी नगरपालिकेने त्यांस जी जागा दिली ती कालीमंदिराच्या यात्रेकरूंची एक जुनी धर्मशाळाच होती. आमच्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग व मतिमंद मुलांस घर दिले, इतकेच नव्हे तर आपले नाव दिले. सन २०२४ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. तेव्हा वाट अज्ञात आहे असे आपणांस म्हणता यावयाचे नाही.

सन १९५६ च्या डिसेंबर महिन्यात बाबांची प्रकृती ढासळली. त्यांस अमरावतीकडे नेत असता, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबरच्या रात्री, वाटेतच त्यांचा प्राण गेला. अवघ्या चौदा दिवसांपूर्वी डॉ. आंबेडकर निवर्तले होते. ज्याने आयुष्यभर घर घेतले नाही त्यास मरणही घरात आले नाही. अमरावतीस त्यांची समाधी आहे. तो सारा भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. हयातीत ज्याने स्वतःसाठी एक खोली घेतली नाही, त्याच्या नावावर आज वस्तीच्या वस्ती आहे.

आता शेवटचा शब्द आमच्या धर्मग्रामास. बेथलेहेमच्या उतारशाळेत पवित्र मरिया व योसेफ यांस जागा मिळाली नाही, हे आपण दरवर्षी नाताळात गव्हाण सजवून आठवितो. त्या उतारशाळेचा यजमान दुष्ट होता असे शास्त्र कोठेही सांगत नाही. त्याच्याकडे केवळ गर्दी होती. आपलेही तसेच आहे. आपण कठोर नाही. आपणांस केवळ सवड नाही, जागा नाही, आणि समोर उभा असलेला कोण हे ठाऊक नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातही एक उतारशाळा आहे. तेथे जखमी परक्यास जागा मिळाली, कारण कोणीतरी त्याच्यासाठी आपली थैली सोडली व परत येऊन राहिलेले देण्याची हमी घेतली. दोन्ही उतारशाळा आपल्या हाती आहेत. कोणती चालवावयाची ते आपण ठरवावयाचे आहे.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही आपणांपुढे काही लहान गोष्टी ठेवितो. मंदिराच्या पायरीवर किंवा ओसरीवर थंडीच्या रात्री कोणी निजलेला आढळला तर त्यास उठवून लावण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे. त्यास नगरातील निवारा माहीत नसेल तर तेथवर सोबत करावी. ज्याच्यापाशी कोणताही कागद नाही त्यास ओळखीचा कागद व शिधापत्रिका मिळवून देण्यास आपल्यातील लिहिणाऱ्यावाचणाऱ्यांनी हातभार लावावा. कारण मामा चंद्रभानजींचे घर कागदानेच बुडाले होते. इस्पितळात रोग्यासोबत आलेल्या परगावच्या माणसास एका रात्रीचा आसरा देणारी दहा घरे तरी धर्मग्रामात नोंदविली जावी. आणि या उत्सवाच्या खर्चाचा हिशेब होईल तेव्हा तोरणांच्या रकमेखाली निवाऱ्यासाठी काढून ठेविलेली एक रक्कम असावी. ती लहान असली तरी चालेल. तिची ओळ रिकामी असू नये.

ज्युबिलीचे रणशिंग फुंकून झाले, मंडप उतरला, दिवे मालवले, म्हणजे रात्री कोणीतरी दार वाजवील. त्याच्या अंगावर चिंध्या असतील, हातात कदाचित एखादे फुटके भांडे असेल. तो संत आहे की नाही, हे पाहण्याची आपणांस गरज नाही. दार उघडावे. इतकेच आपले काम. ते आपल्या हातून घडो, आणि ज्या प्रभूस मस्तक टेकावयास ठाव नव्हता तो आपल्या या प्रयत्नास आशीर्वाद देवो.